कोरेल्ली फुंकवाद्यांवर बसवताना: आधी खर्ज, मग श्वास

खानापूर भागातल्या एका चर्चच्या गायनवृंदाचे तरुण मास्तर विचारतात: "आमच्याकडे दोन फ्लूट, दोन क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन आणि एक टेनर सॅक्सोफोन आहे. व्हायोलिन वाजवणारं कोणी नाही, आणि ऑर्गन दोन वर्षांपासून बंद आहे. नाताळच्या रात्री कोरेल्लीच्या नाताळ कॉन्चेर्तोमधलं काहीतरी वाजवायची इच्छा आहे. व्हायोलिनचे पार्ट सरळ फ्लूट आणि क्लॅरिनेटला वाटून दिले तर चालेल का? ऑर्गनच्या जागी काय करायचं? सर, सविस्तर सांगा."

मास्तर, सरळ वाटून दिलेत तर प्रत्येक सूर कागदावर बरोबर असेल आणि तरीही रचना उभी राहणार नाही. हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो. मी फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, पचमढीच्या लष्करी संगीतशाळेत शिकलो, आणि बेळगावला परतल्यावर गेली अनेक वर्षं अशाच लहान संचांसाठी पार्ट लिहितो आहे. परेडच्या मैदानासाठी लिहायची सवय असलेल्या माणसाचा हात सगळं भरून टाकायला धावतो, कारण मोकळ्या हवेत सूर हरवतात. चार भिंतींतल्या बरोक, म्हणजे साधारण 1600 ते 1750 या काळातल्या युरोपीय संगीताला हीच सवय मारक ठरते. इथे काय काढायचं आणि वाजवणाऱ्याला श्वास कुठे द्यायचा, हे ठरवण्यातच निम्म्याहून जास्त काम असतं.

आधी तुमची निवड. इटालियन संगीतकार कोरेल्लीचे बारा कॉन्चेर्ती ग्रोस्सी, म्हणजे लहान गट आणि मोठा ताफा मिळून वाजवायच्या रचना, ओपस 6, त्याच्या मृत्यूनंतर 1714 मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले गेले. त्यातला आठवा, जी मायनरमधला, 'नाताळच्या रात्रीसाठी केलेला' अशा शब्दांसह छापलेला आहे. लहान संचाला ही रचना फार सोयीची आहे. तिचा गाभा तीनच वाद्यांचा: दोन व्हायोलिन आणि एक चेलो. बाकीचा मोठा ताफा जागोजागी त्यांना दुजोरा देतो. ताफा कमी असला तरी सांगाडा शाबूत राहतो. शिवाय त्या ताफ्यात व्हियोलाचा एक पार्ट आहे, आणि तुमच्या ऑर्गनच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दडलेलं आहे. त्याकडे नंतर येतो.

पहिल्या वर्षी पूर्ण कॉन्चेर्तो घेऊ नका. सुरुवातीच्या थोडक्या विवाचेनंतर, म्हणजे जलद भागानंतर येणारा ग्राव्हे, म्हणजे संथ गंभीर भाग, आणि अगदी शेवटचा पास्तोराले, म्हणजे मेंढपाळांच्या ढंगाचा भाग, एवढंच घ्या. मधल्या जलद भागांत व्हायोलिनच्या गजाची चपळाई आहे. जीभ आणि बोटं दोन्ही तयार असलेल्या क्लॅरिनेटवाल्यालाही ती दमवते.

आता पट्टी. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या कागदावरची पट्टी प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या पट्टीपेक्षा वेगळी असते. जी मायनर बी फ्लॅट क्लॅरिनेटला ए मायनर होते आणि आल्टोला ई मायनर, म्हणजे दोघांनाही सोपी. पण पास्तोराले जी मेजरमध्ये आहे. तिथे क्लॅरिनेट आणि टेनरला ए मेजर, तीन शार्प, आणि आल्टोला ई मेजर, चार शार्प. बँडमध्ये फ्लॅटच्या पट्ट्यांवर वाढलेल्या मुलांसमोर चार शार्प ठेवलेत की ती सूर ऐकायचं सोडून बोटं मोजायला लागतात. म्हणून मी दोन्ही भाग एक पूर्ण स्वर खाली आणतो. पास्तोराले एफ मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या पांढरी चारमध्ये. मग क्लॅरिनेट आणि टेनरला जी मेजर, एक शार्प. आल्टोला डी मेजर, दोन शार्प. ग्राव्हे एफ मायनर होतो. त्यात फ्लूटला चार फ्लॅट पडतात खरे, पण गती इतकी संथ आहे की त्याने अडत नाही, आणि पुढे सांगणार आहे त्या वाटणीत फ्लूटला ग्राव्हेमध्ये फारसं कामही नाही.

स्वर खाली उतरवणं म्हणजे मूळ रचनेशी बेइमानी असं वाटत असेल तर तो विचार सोडा. कोरेल्लीच्या काळी रोममधली पट्टी आजच्या 440 पेक्षा (ए या सुराची सेकंदाला कंपनं) जवळजवळ एक पूर्ण स्वर खाली, 390 च्या आसपास होती. तुम्ही एफमध्ये वाजवाल तेव्हा त्या काळच्या रोममध्ये ऐकू आलेल्या उंचीच्याच जवळ असाल. आणि बाखचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. विवाल्डीच्या ओपस 3 मधला चार व्हायोलिनचा बी मायनर कॉन्चेर्तो त्याने चार हार्प्सिकॉर्डसाठी लिहिला तेव्हा तो ए मायनरमध्ये आणला, बरोबर एक स्वर खाली. दोन फ्लूट आणि बेस यांच्या आपल्याच एका त्रिकूट सोनाटाची, जी मेजरमधल्या, त्याने व्हियोला दा गांबा आणि हार्प्सिकॉर्डसाठी दुसरी मांडणी केली आणि वरचा एक आवाज हार्प्सिकॉर्डच्या उजव्या हाताला दिला. वाद्य बदलणं ही त्या काळाची रोजची गोष्ट होती. क्लॅरिनेट 1700 च्या सुमारास न्यूरेम्बर्गला जन्मलं आणि सॅक्सोफोनचं पेटंट 1846 चं, तेव्हा कोरेल्लीने यातलं काही गृहीत धरलेलं नाही हे खरंच. पण आवाज कसे चालतात ते सांभाळलं तर वाद्य परकं वाटत नाही.

लिहायला बसाल तेव्हा सर्वांत आधी खर्जाची ओळ लिहा. व्हायोलिनला हातही लावू नका. बहुतेक जण वरून सुरुवात करतात, गाणं तिथे दिसतं म्हणून, आणि शेवटी उरलेल्या माणसाला बेस देतात. बरोक संगीताची इमारत खालून चढते. अंकित खर्ज म्हणजे बेसच्या सुरांखाली लिहिलेले आकडे, आणि त्यावरूनच ऑर्गनवाला आपल्या मनाने सुरावळी भरत असे. बेस डळमळला की वरचं काहीही टिकत नाही.

तुमच्याकडे टेनर आहे. त्याचा सर्वांत खालचा सूर प्रत्यक्षात ए फ्लॅट, मधल्या सीच्या खाली सोळा अर्धस्वर, म्हणजे सव्वा सप्तकाहून थोडं जास्त. चेलो मात्र मधल्या सीच्या खाली दोन पूर्ण सप्तकं जातो. म्हणजे काही जागा टेनरला पोचणार नाहीतच. अशा वेळी फक्त तो एक सूर वर उचलून ठेवू नका. पायरीपायरीने उतरणाऱ्या ओळीत मधेच एक सूर सप्तकभर उडी मारून वर गेला तर ऐकणाऱ्याला जिना तुटल्यासारखं वाटतं. मागे जा, जिथे मूळ बेसमध्येच उडी आहे किंवा विराम आहे तिथे थांबा, आणि तिथून पुढचं अख्खं वाक्य वरच्या सप्तकात लिहा. परत खाली यायचं तेही अशाच नैसर्गिक उडीवर. आणि वर उचललेला बेस कुठेही आल्टोच्या वर जाणार नाही हे तपासा. तसं झालं की स्वरसंगतीचा पायाच बदलतो, सहाच्या आकड्याची जागा साधी होते किंवा उलट.

शक्य असेल तर बॅरिटोन सॅक्सोफोन मिळवा. खालचा ए असलेला बॅरिटोन बरोबर चेलोच्या खालच्या सीपर्यंत पोचतो. मात्र आपण एक स्वर खाली उतरलो आहोत हे लक्षात ठेवा, चेलोचा अगदी तळचा सी कुठे आला तर तो बॅरिटोनलाही लागणार नाही. बॅरिटोनही नसेल तर गावातल्या बँडपथकातल्या एखाद्या युफोनियमवाल्याला विचारा. तो पितळेचा आहे, तुमचा संच लाकडी वाद्यांचा आहे, ही अडचण कागदावरची. लग्नाच्या वरातीत तो कितीही दणकून वाजवत असला तरी युफोनियमचा मुळातला आवाज गोल आणि मऊ आहे, क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात तो सहज मिसळतो. आमच्या भागात बासून कुणाकडे सापडणं जवळजवळ अशक्य, आणि मला विचाराल तर कमकुवत बासूनपेक्षा चांगला युफोनियम केव्हाही बरा.

आता दोन व्हायोलिन. माझी पहिली मोठी चूक इथेच झाली होती. मी पहिलं व्हायोलिन फ्लूटला दिलं, दुसरं क्लॅरिनेटला. तालमीत सगळे सूर शुद्ध, तरी काहीतरी मेल्यासारखं वाजत होतं. दोन आठवडे मी वाजवणाऱ्यांना बोल लावत राहिलो. मग एका संध्याकाळी फक्त त्या दोन ओळी ऐकल्या आणि कळलं की दोष माझ्या लिखाणात आहे.

कोरेल्लीची दोन व्हायोलिनं मालक आणि नोकर नाहीत. ती सख्खी भावंडं आहेत. एकाच उंचीवर चालतात, एकमेकांच्या वरून खालून जातात. त्याच्या संगीतातला सगळा जीव त्यांच्या एकमेकांना घासण्यात आहे. एक आवाज आपला सूर धरून थांबतो, दुसरा येऊन त्याच्या अगदी शेजारचा सूर लावतो. सा आणि कोमल रे एकत्र वाजल्यासारखी टोच बसते. मग थांबलेला आवाज एक पायरी खाली उतरतो आणि निवांतपणा येतो. लगेच दुसरा आवाज अडकून राहतो, पहिला त्याच्यावर चढतो, पुन्हा टोच, पुन्हा उतरणं. याला आमच्या बँडच्या भाषेत सस्पेन्शन म्हणतात. ही टोच लागण्यासाठी दोन्ही आवाज सारख्याच रंगाचे आणि सारख्याच ताकदीचे असावे लागतात. फ्लूटचा खालचा सप्तक हवेसारखा पातळ, क्लॅरिनेट त्याच उंचीवर भरदार. क्लॅरिनेट फ्लूटला गिळून टाकतं आणि टोच लागतच नाही. कानाला एकच वाद्य ऐकू येतं.

म्हणून ग्राव्हेमध्ये दोन्ही व्हायोलिनांच्या ओळी दोन क्लॅरिनेटना द्या. फ्लूट तिथे गप्प राहू देत, किंवा जिथे पूर्ण ताफा यायला हवा असं वाटतं तिथे क्लॅरिनेटच्याच सुरात, त्याच सप्तकात मिळवा. वरच्या सप्तकात मिळवू नका. त्याने आवाज मोठा होतो पण ग्राव्हेची गंभीरता जाते. या भागावर कोरेल्लीने एक सूचना लिहिली आहे: गज धरून ठेवा, आणि जसं आहे तसंच वाजवा. म्हणजे अलंकार नकोत. तुमच्यातला कोणी भजनी मंडळात बासरी किंवा सनई वाजवत असेल तर त्याच्या बोटांना मुरकी आणि मींड आपोआप सुचते, आणि ती दुसऱ्या जागी फार सुंदर असते. इथे त्याला प्रेमाने थांबवा. या सुरांमध्ये अर्थ आहे तो त्यांच्या स्थिर राहण्यात.

आता श्वास, कारण व्हायोलिनचा गज संपत नाही आणि माणसाचा श्वास संपतो. मूळ पार्टात श्वासाच्या खुणा नाहीत. त्या तुम्हालाच लिहायच्या आहेत, प्रत्येक पार्टात, पेनाने, तालमीच्या आधी. "सोयीने घ्या" असं म्हणालात तर सगळे एकाच जागी घेतात आणि तिथे मोठं भोक पडतं. एक नियम मी कधीच मोडत नाही: टोच आणि तिच्या उतरण्याच्या मध्ये श्वास घ्यायचा नाही. टोचेच्या आधीच्या बांधलेल्या सुरावरही नाही. श्वास घ्यायचा तो उतरून झाल्यावर, पुढच्या उडीच्या आधी. कोरेल्लीच्या साखळ्यांमध्ये गंमत अशी की पहिला आवाज उतरतो तेव्हा दुसरा अडकलेला असतो, आणि दुसरा उतरतो तेव्हा पहिला. म्हणजे दोघांचे श्वास आपोआप एकाआड एक पडतात, मधला सूर कधी तुटत नाही. त्याने गजासाठी लिहिलं, पण रचना अशी की श्वासालाही तिच्यात जागा सापडते. पार्टावर या खुणा करत बसलो की मला दरवेळी नव्याने आनंद होतो.

श्वासासाठी वेळ कुठून काढायचा? नेहमी आधीच्या सुरातून. तो थोडा लवकर सोडा. पुढच्या सुरातून चोरलात तर ठोका घसरतो आणि बाकीचे पाच जण तुमच्यासाठी थांबतात. बेसवाल्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्याची ओळ बऱ्याचदा अखंड चालते. त्याच्या पार्टात मी काही सूर चक्क काढून टाकतो. पण कोणते, याला महत्त्व आहे. तोच सूर पुन्हा आला असेल किंवा सप्तकाची उडी असेल आणि तो हलक्या मात्रेवर असेल, तर तो गाळा. जिथे स्वरसंगती बदलते त्या मात्रेवरचा सूर कधीही गाळू नका. एका साध्या ओळीत दर दोन मापांना एक असा सूर सापडतोच.

तुमच्या ऑर्गनच्या प्रश्नाचं उत्तर आल्टो सॅक्सोफोन आहे. व्हियोलाचा सर्वांत खालचा सूर मधल्या सीच्या एक सप्तक खालचा सी, आणि आल्टोचा त्याच्या जेमतेम अर्धा स्वर वर, डी फ्लॅट. कॉन्चेर्तोच्या ताफ्यातला व्हियोलाचा पार्ट घ्या, एक स्वर खाली उतरवा, जो एखादा सूर खाली उरेल तो सोडा किंवा वरच्या सप्तकात न्या, आणि आल्टोला द्या. तुमची मधली पोकळी भरली. त्याला एकच सांगा, की तू ऑर्गनचा डावा अंगठा आहेस, सगळ्यांच्या खाली आणि बेसच्या वर, कुणाच्याही डोक्यावर चढायचं नाही. सॅक्सोफोनच्या मधल्या सप्तकाचा आवाज सहज पुढे येतो, म्हणून त्याला बाकीच्यांपेक्षा एक पायरी खालची डायनॅमिक, म्हणजे आवाजाची पातळी, लिहा.

पुढे कधी ओपस 1 ते 4 मधला एखादा त्रिकूट सोनाटा घ्याल तेव्हा व्हियोलाची ओळ मिळणार नाही. तेव्हा आकड्यांवरून ती तुम्हालाच लिहावी लागेल. आकडा नसेल तर बेसवर तिसरा आणि पाचवा. सहा असेल तर तिसरा आणि सहावा. चार आणि मग तीन असेल तर आधी चौथा अडकवा, मग तिसऱ्यावर उतरवा, पण ते काम आधीच एखादं व्हायोलिन करत असेल तर तुम्ही करू नका. टोच दोघांनी दिली की ती बोथट होते. मधली ओळ कमीत कमी हलू द्या. दोन स्वरसंगतींमध्ये जो सूर सामायिक आहे तो धरून ठेवा. आणि वरचे दोन आवाज साखळीत घासत असतील तिथे मधल्या माणसाला विराम द्या, तीन आवाजांत स्वरसंगती पुरेशी असते. ऑर्गनवाला दोन्ही हातांनी भरतो म्हणून तुम्हीही भरावं असं नाही.

पास्तोरालेकडे येतो, कारण तुम्ही आम्ही इथे जन्मलेल्या माणसांना हा भाग इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. त्या काळी नाताळच्या आधी डोंगरातले मेंढपाळ रोममध्ये उतरत आणि मेरीच्या मूर्तींसमोर वाजवत. एकाच्या हाती झाम्पोन्या, म्हणजे कातडी पिशवीचं वाद्य, ज्यातून एक सूर अखंड वाहतो. दुसऱ्याच्या हाती पिफ्फेरो, दुहेरी रीडचं वाद्य, आपल्या सनईचंच भावंड. कोरेल्लीने तोच आवाज व्हायोलिनांवर आणला आहे: खाली धरलेला सूर, वर दोन ओळी शक्यतो तिसऱ्याच्या अंतराने झुलत जाणाऱ्या. देवळाच्या नगारखान्यात सनईबरोबर दुसरा वादक नुसता सूर धरून बसतो ना, अगदी तेच. तुमच्या वाजवणाऱ्यांना इटलीबद्दल काही सांगू नका. सनई आणि सुराची जोडी आठवा म्हणा, पुढचं ते बरोबर करतील.

वाटणी इथे उलटवा. वरच्या दोन ओळी दोन फ्लूटना. दोन्ही पुन्हा एकाच रंगाचे. एक स्वर खाली आणल्यावर व्हायोलिनची मोकळी डी तार बरोबर फ्लूटच्या सर्वांत खालच्या सीवर येते, म्हणजे जे डी तारेच्या वर आहे ते सगळं फ्लूटला बसतं. एखाददुसरा सूर त्याखाली गेला तर तो क्लॅरिनेटकडे सोपवा. क्लॅरिनेटना सूर धरायला द्या. त्यांचा खालच्या सप्तकातला एफ, त्यांच्या कागदावर जी, गडद आणि शांत आहे. सूरवाला सनईवादक नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत सूर अखंड ठेवतो. क्लॅरिनेटवर ते शिकायला महिने लागतात, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणून दोघांनी आलटून पालटून धरावा. पहिला सोडायच्या दोन मात्रा आधी दुसऱ्याने अगदी हळू, जीभ न मारता आत यावं. कुठे बदल झाला ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. हे जमवण्यासाठी अर्धी तालीम खर्च झाली तरी करा.

सनईवादकालाच बोलावून सूर धरायला सांगावं, असा विचार तुमच्या मनात येईल. माझ्याही आला होता. सनईची पट्टी ज्या त्या वाद्याची असते, ती तुमच्या 440 च्या एफला क्वचितच मिळते, आणि तिचा तेजस्वी आवाज दोन फ्लूटना झाकून टाकतो. मी तो प्रयोग पुन्हा केला नाही.

लयीसाठी 12/8 म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं असं समजा, पण दादऱ्याचा ठसका काढून. झुला आहे, ठेका नाही. आमच्या तालमीत बैलहोंगलहून येणारा एक मुलगा कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु असं मोजतो आणि आम्ही बाकीचे एक, दोन, तीन. सुरुवातीला गोंधळ होईल असं वाटलं होतं, पण मोठ्याने मोजण्यातच झुला पक्का झाला.

जिभेबद्दल थोडंसं. क्वांट्झ नावाच्या फ्लूटवादकाने, जो प्रशियाच्या राजा फ्रेडरिकचा गुरू होता, 1752 मध्ये फ्लूटवर मोठा ग्रंथ छापला. त्यात त्याने एकाच सुराला वेगवेगळी अक्षरं दिली आहेत: ती, दी, री. जोरकस सुराला ती, मऊ सुराला दी, ठिपकेदार जोडीला ती-री. आपल्याकडे तबल्याचे बोल तोंडाने म्हणून शिकवतात, म्हणून हे मुलांना लगेच पटतं. पास्तोरालेत दीने वाजवा, बेसला मात्र तीच ठेवा आणि प्रत्येक सुराच्या शेवटी अगदी बारीक फट राहू द्या, चेलोचा गज परतताना राहते तशी. कागदावर स्लर, म्हणजे सूर जोडायच्या कमानी, कमी दिसतील. सगळीकडे स्लर घालायचा मोह आवरा, दोन दोन सुरांच्या जोड्यांपुरते पुरे. वाक्याच्या शेवटी ट्रिल घ्यायचा असेल तर वरच्या सुरापासून सुरू करा.

क्लॅरिनेटवाल्यांना एक सूचना. ग्राव्हेमध्ये त्यांची ओळ पुष्कळदा कागदावरच्या ए आणि बी यांच्यामधून जाईल, जिथे वाद्याचा सांधा आहे. तिथले घशातले सूर मुळातच फिके आणि थोडे चढे असतात. उजव्या हाताची बोटं त्या सुरांवरही खाली ठेवली तर सूर भरतो आणि सांधा ओलांडणं सोपं होतं. हे त्यांच्या पार्टावर लिहून ठेवा.

मूळ स्वरलिपी आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्तीत मिळेल. योआखिम आणि क्रिझांडर यांची एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती वापरा, तिच्यावर हक्क उरलेले नाहीत. नव्या आवृत्त्यांमधली भरलेली ऑर्गनची ओळ मात्र कुणाच्या तरी मालकीची असते, ती उतरवून घेऊ नका. संगणकावर स्वरलिपी लिहायला म्युझस्कोअर हा प्रोग्रॅम मोफत आहे. पण संगणकाचा प्लेबॅक ऐकून निर्णय घेऊ नका. त्याला श्वास लागत नाही, आणि त्याचा फ्लूट खालच्या सीवरही क्लॅरिनेटइतकाच मोठा वाजतो.

तालमीचा क्रम असा ठेवा. पहिले दोन दिवस फक्त टेनर आणि आल्टो. तिसऱ्या दिवशी त्यात दुसरा आवाज, मग पहिला. सूर जुळवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा पांढरी चारवर लावा. चांगल्या लावलेल्या तानपुऱ्यातून न छेडताही एक गांधार ऐकू येतो, तो आपल्या कुमार गंधर्वांच्या आणि धारवाडच्या गवयांच्या प्रदेशात कोणाला सांगावा लागत नाही. मेजर स्वरसंगतीतला तिसरा सूर तिथेच लागायला हवा. ट्यूनरच्या काट्यापेक्षा तो सुमारे 14 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली असतो. तुमच्या आल्टोच्या वाट्याला पुष्कळ वेळा हाच सूर येणार आहे. त्याला काटा बघू देऊ नका, तानपुरा ऐकू द्या. ज्या क्षणी तो सूर बसतो त्या क्षणी सहा वाद्यांमधून ऑर्गनसारखा एक भरीव आवाज उठतो. तो एकदा ऐकला की पोरं पुन्हा पुन्हा तिथेच थांबायला सांगतात.

आणि रात्रीच्या थंडीचा विचार आत्ताच करा. डिसेंबरच्या शेवटी खानापूरच्या बाजूला मध्यरात्री चांगलाच गारठा असतो, आणि गार वाद्य उतरतं. फ्लूट आणि क्लॅरिनेट सारखे उतरत नाहीत, मोठा सॅक्सोफोन तर तापायलाच वेळ घेतो. प्रार्थनेच्या वेळी वाद्यं बाकाखाली फरशीवर ठेवू नका, अंगाशी शालीत धरून बसा, आणि तुमची पाळी यायच्या पाच मिनिटं आधीपासून आवाज न करता त्यांतून गरम हवा फुंकत राहा. सूर जुळवायचा तो टेनरच्या एफवर, सर्वांत शेवटी.